फ्येल्बाका : एका नटीस आपली मानणारे गाव

आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावाचा इतिहास प्रसिद्ध होत असतो. गावाचे नाव कसे पडले, मूळ पुरुष कोठून आला, कुलदैवताचे देवालय कोणी बांधिले, जुन्या सनदा कोणाच्या घरी आहेत, ही माहिती आमच्यासारख्या वाचकांस फार मोलाची वाटते. मात्र असे लेख अनेक वर्षे वाचीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. गावचा माणूस कोणास म्हणावे, याविषयी आपला हिशेब फार सोपा असतो. ज्याचे आडनाव गावावरून पडले, ज्याची जमीन गावात आहे आणि ज्याचा देव्हारा गावात आहे, तो गावचा. बाहेरून आलेला तो पाहुणा. आणि बाहेरून आलेली जर स्त्री असेल, त्यातून ती नाटकात वा चित्रपटात काम करणारी असेल, तर तिचा उल्लेखच न केलेला बरा, असा एक अलिखित नियम आपण पिढ्यान् पिढ्या पाळीत आलो.

हा नियम कितपत योग्य आहे, याचा विचार करण्यास आम्ही यंदा एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते आहे स्वीडन देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्येल्बाका नावाच्या कोळी वस्तीचे, आणि इन्ग्रिड बर्गमन या जगप्रसिद्ध नटीचे. बाईंचा जन्म त्या गावचा नव्हे. त्यांचे माहेर तेथे नव्हते आणि तेथे त्यांनी बारा महिने संसारही केला नाही. तरीही आज त्या गावच्या मुख्य चौकास त्यांचे नाव आहे, चौकात त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि समोरच्या समुद्रात त्यांच्या रक्षेचा मोठा भाग विसर्जित झालेला आहे. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. गोथेनबर्ग या मोठ्या बंदरापासून किनाऱ्याने उत्तरेस सुमारे एकशे चाळीस किलोमीटर गेले, म्हणजे फ्येल्बाका लागते. हा सारा प्रांत बोहुसलेन या नावाने ओळखला जातो. १६५८ सालच्या तहापर्यंत तो नॉर्वेचा भाग होता. त्या तहाने तो स्वीडनकडे आला. किनाऱ्यासमोर लहानमोठी हजारो बेटे व उघडे खडक विखुरलेले आहेत. आपल्या कोकणात जसा जांभा, तसा तेथे तांबूस करडा ग्रॅनाइट. माती थोडी, वारा फार. गावाच्या पाठीशी सुमारे पंचाहत्तर मीटर उंचीचा एक सरळ कडा उभा आहे व त्याच्या पायथ्याशी लाकडी घरे एकमेकांस खेटून बसली आहेत. कड्यास मधोमध एक उभी भेग आहे, आणि तिच्या दोन भिंतींमध्ये वरून पडलेले प्रचंड धोंडे अधांतरी अडकून राहिले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर यांनी ही जागा पाहिली, तेव्हापासून तिला ‘राजाची घळ’ म्हणतात.

गावाचे पोट समुद्रावर. तेथील हेरिंग नावाचा मासा हा आपल्या तारलीच्या जातकुळीतला. तोही तारलीप्रमाणेच झुंडींनी येतो आणि लहर लागली की येईनासा होतो. १७४७ पासून १८०९ पर्यंत तो बोहुसलेनच्या किनाऱ्यास अमाप आला. लोकांनी तो खारविला, त्याचे तेल काढले, ते परदेशी पाठविले, आणि किनाऱ्यावर वस्त्या वाढल्या. पुढे मासा नाहीसा झाला व दारिद्र्य आले. १८७७ च्या सुमारास तो पुन्हा येऊ लागला व सुमारे तीस वर्षे टिकला. त्याच काळात ग्रॅनाइटच्या खाणी निघाल्या आणि पाथरवटांना काम मिळाले. फ्येल्बाकाचे चर्च त्या सुमाराचे, १८९२ सालचे, ग्रॅनाइटचेच आहे. विसाव्या शतकात हेही धंदे उतरणीस लागले. तरुण मंडळी शहरांकडे गेली आणि रिकामी घरे उन्हाळ्यापुरते येणाऱ्या शहरी लोकांनी घेतली. आज गावची कायम वस्ती एक हजारांहूनही कमी आहे. उन्हाळ्यात ती कित्येक पटींनी वाढते आणि हिवाळ्यात बहुतेक घरांना कुलुपे असतात. गणपतीत व शिमग्यात उघडणाऱ्या आणि एरवी बंद राहणाऱ्या घरांची ज्यांना सवय आहे, त्या आपल्या वाचकांस हे चित्र परके वाटू नये.

आता बाईंविषयी. इन्ग्रिड बर्गमन यांचा जन्म स्टॉकहोम येथे २९ ऑगस्ट १९१५ रोजी झाला. वडील युस्टुस हे चित्रकार व छायाचित्रकार. त्यांचे स्वतःचे छायाचित्रांचे दुकान होते. आई जर्मन होती. मुलगी जेमतेम तीन वर्षांची होते न होते तोच आई वारली. वडिलांना हौस मोठी. त्या काळी दुर्मीळ असलेला चलच्चित्राचा कॅमेरा आणून त्यांनी लहानग्या मुलीची चित्रे घेतली. मुलगी आईच्या थडग्यावर फुले ठेवीत आहे, असेही एक चित्र त्यांत आहे. स्वतःच्या आईस चालताबोलताना पाहण्याचे साधन या मुलीपाशी पुढे तेवढेच उरले. १९२९ साली वडीलही गेले. ज्या आत्याकडे तिला ठेविले, तीही सहा महिन्यांत तिच्या देखत वारली. मग चुलत्यांच्या घरी ती वाढली. वयाच्या पंधरा वर्षांच्या आत तीन आधार तुटलेल्या या मुलीने १९३३ साली स्टॉकहोमच्या राजेशाही नाट्यशाळेत प्रवेश मिळविला, आणि लौकरच तिला चित्रपटांत कामे मिळू लागली.

१९३६ सालच्या ‘इंटरमेझो’ या स्वीडिश चित्रपटाने त्यांचे नाव अमेरिकेपर्यंत पोचविले. १९३९ साली हॉलिवूडमध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाला आणि त्यासाठी त्यांना बोलावून घेण्यात आले. नाव बदला, भुवया कोरा, दात नीट करून घ्या, असा तेथील नित्याचा आग्रह. तो त्यांनी मानला नाही. जशी आहे तशी घ्या, नाहीतर मी परत जाते, ही त्यांची भूमिका होती. पुढे ‘कॅसाब्लांका’ (१९४२) आला, आणि ‘गॅसलाइट’ (१९४४) या चित्रपटासाठी त्यांना पहिले ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९४५ साली त्यांनी एका जोगिणीचे काम केले व १९४८ साली फ्रान्सच्या संत जोनचे. या भूमिका लोकांना इतक्या भावल्या की अमेरिकन प्रेक्षक त्यांना खरोखरीच संतपदी बसवून मोकळे झाले. माणसास देव्हाऱ्यात बसविण्यात एक धोका असतो. तो देव्हाऱ्यातून उतरला, तर लोक त्यास साध्या माणसाचेही माप लावीत नाहीत.

तसेच झाले. रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाचे चित्रपट पाहून बाई भारावून गेल्या. त्यांनी त्याला पत्र लिहिले आणि १९४९ च्या मार्च महिन्यात त्या इटलीस गेल्या. दोघेही विवाहित होते. सिसिलीजवळच्या स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखीच्या बेटावर चित्रण चालू असता त्यांचे प्रेम जगजाहीर झाले. २ फेब्रुवारी १९५० रोजी मुलगा झाला. रोसेलिनींशी विवाह त्यानंतरचा. पहिल्या पतीपाशी अमेरिकेत राहिलेली पिया ही थोरली मुलगी मातेस अनेक वर्षे जवळजवळ अंतरली. १४ मार्च १९५० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांनी उभे राहून बाईंवर अत्यंत कठोर शब्दांत प्रहार केला. एका नटीच्या खाजगी आयुष्याची चर्चा राष्ट्राच्या विधिमंडळात व्हावी, ही गोष्ट तेव्हाही चमत्कारिक होती. स्वदेशातही फारसा दिलासा नव्हता. १९५५ साली त्या रंगमंचावर काम करण्यासाठी स्टॉकहोमला आल्या, तेव्हा तेथील काही वृत्तपत्रांनी त्यांच्यावर असे शब्द वापरले की त्या फार दुखावल्या.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ‘स्ट्रॉम्बोली’ या चित्रपटात बाईंची भूमिका युद्धाने निराधार झालेल्या एका परदेशी स्त्रीची आहे. ती एका कोळ्याशी लग्न करून बेटावरच्या खेड्यात येते, आणि तेथील बायाबापड्या तिला आपली मानीत नाहीत. पडद्यावर जे खेडे होते, त्याहून फार मोठे खेडे त्या वेळी पडद्याबाहेर तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते.

१९५६ सालच्या ‘अ‍ॅनास्तेशिया’ चित्रपटाने लोकमत पालटू लागले व दुसरे ऑस्कर मिळाले. परंतु संसार विस्कटला होता. रोसेलिनी चित्रपट काढण्यासाठी आपल्या देशात, मुंबईस आले असता त्यांच्या नव्या प्रेमप्रकरणाची वार्ता जगभर झाली. १९५७ साली उभयता विभक्त झाले. लहान मुलगा, दोन जुळ्या मुली, दुरावलेली थोरली कन्या, आणि वय बेचाळीस, अशी बाईंची त्या वेळची स्थिती.

या वळणावर फ्येल्बाका त्यांच्या आयुष्यात आले. लार्स श्मिट हे स्वीडिश नाट्यनिर्माते पॅरिसमध्ये व्यवसाय करीत. त्यांचा जन्म १९१७ सालचा, आणि बोहुसलेनमधीलच उद्देवाला गावचा, म्हणजे त्याच किनारपट्टीचा. फ्येल्बाकासमोर समुद्रात डानहोल्मेन नावाचे एक खडकाळ बेट त्यांच्या मालकीचे होते. बेट म्हणजे उघडा ग्रॅनाइट, एक साधे घर, नाव लावण्यास धक्का, आणि चहूकडे पाणी. १९५८ साली त्यांनी बाईंना हे बेट दाखविले. ज्या स्त्रीच्या दाराशी नऊ वर्षे बातमीदारांचा पहारा होता, तिला अशा जागेचे काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी लंडन येथे दोघांचा विवाह झाला. तेव्हापासून अखेरपर्यंत, नाटक-चित्रपटांच्या धबडग्यातून वेळ काढून, बाईंनी आपले बहुतेक उन्हाळे त्या बेटावर घालविले. मुले तेथे येत, आप्तेष्ट येत. समुद्रात पोहावे, खडकावर बसून नव्या भूमिकेचे पाठांतर करावे, घरची कामे हातांनी करावी, आणि सामानसुमान लागले की नावेतून फ्येल्बाकास यावे, असा तेथील क्रम.

या इतिहासातील गावाची बाजू आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. बाई गावात येत, दुकानात उभ्या राहून पाव व जिन्नस घेत, ओळखीच्या माणसांशी चार शब्द बोलत आणि नावेत बसून परत जात. गावाने त्यांना गराडा घातला नाही. त्यांच्या पूर्वायुष्याचा झाडा घेतला नाही. सत्कार, मानपत्रे, हारतुरे यांचा त्रास दिला नाही. कोणी बातमीदार येऊन विचारू लागला, तर लोक फारसे बोलत नसत. समुद्रावर पोट असलेल्या माणसांना बोलण्यापेक्षा वाऱ्याकडे पाहण्याची सवय अधिक. जगाने ज्या स्त्रीस प्रथम संत केले आणि मग पापिणी ठरविले, तिला या गावाने केवळ शेजारीण मानले. ज्यास कोठेच शेजार उरलेला नाही, त्याला शेजारपण देणे हा मोठाच सन्मान होय.

अमेरिकेच्या सिनेटला आपली चूक उमजण्यास बावीस वर्षे लागली. १९७२ च्या एप्रिल महिन्यात इलिनॉय राज्याचे सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सभागृहात १९५० च्या त्या भाषणाबद्दल खेद व्यक्त केला व बाईंचा गौरव केला. ही दुरुस्ती झाली हे चांगलेच झाले. फ्येल्बाकास मात्र क्षमा मागण्याची वेळच आली नाही, कारण त्याने कधी निवाडा दिलाच नव्हता.

१९७४ साली बाईंना स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मधील छोट्या भूमिकेने त्यांना तिसरे ऑस्कर मिळवून दिले. १९७५ साली श्मिट यांच्याशी घटस्फोट झाला. परंतु उभयतांचा स्नेह तुटला नाही आणि बेटाचे दारही बंद झाले नाही. ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस नवलाची वाटेल. विवाह संपला तरी माणुसकी संपण्याचे कारण नाही, एवढे तिच्यातून घेण्यासारखे आहे. १९७८ साली त्यांच्याच आडनावाचे, परंतु नात्याने परके असे थोर दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा ‘ऑटम सोनाटा’ प्रदर्शित झाला. कीर्तीच्या मागे धावताना मुलीस दुरावलेल्या एका पियानोवादक आईची ती कथा. ते काम करताना बाईंना स्वतःच्या आयुष्याची आठवण झाली नसेल, असे म्हणवत नाही. अखेरचे काम दूरचित्रवाणीवरील; इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांचे. आजाराने एक हात सुजलेला असता त्यांनी ते तडीस नेले. त्यासाठीचे एमी पारितोषिक १९८२ साली त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झाले आणि ते स्वीकारण्यास थोरली कन्या पिया उभी राहिली. जी मुलगी एके काळी दुरावली होती, तिनेच ते हाती घ्यावे, यात काही एक न्याय आहे.

२९ ऑगस्ट १९८२ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, इन्ग्रिड बर्गमन यांनी लंडन येथे देह ठेविला. दहनानंतर रक्षा स्वीडनला नेण्यात आली. तिचा काही भाग स्टॉकहोमच्या दफनभूमीत आईवडिलांशेजारी ठेवण्यात आला, आणि उरलेला मोठा भाग डानहोल्मेनभोवतीच्या समुद्रात सोडण्यात आला. आपल्याकडे अस्थी गंगेत वा गावच्या संगमावर सोडतात. ज्या पाण्याशी जन्माचे नाते, त्या पाण्यास देह परत करावा, ही भावना त्यामागे असते. बाईंचे फ्येल्बाकाच्या पाण्याशी जन्माचे नाते नव्हते. ते त्यांनी चोवीस उन्हाळ्यांत जोडले, आणि ते जन्माच्या नात्याच्या शेजारी, त्याच मानाने बसले.

मग गाव बोलू लागले. बाई हयात असता ज्यांनी जयजयकार केला नाही, त्या गावाने त्यांच्या पश्चात बंदरालगतच्या चौकास ‘इन्ग्रिड बर्गमन चौक’ असे नाव दिले. गुडमार ओलोव्सन या स्वीडिश शिल्पकाराने घडविलेला त्यांचा अर्धपुतळा तेथे बसविला. तो समुद्राकडे पाहतो. पुढे डेन्मार्कच्या पॉल्सेन या गुलाबपैदास करणाऱ्या घराण्याने १९८४ साली एका गडद लाल गुलाबास बाईंचे नाव दिले व तो गुलाब जगभर बागांतून गेला. लार्स श्मिट २००९ साली वारले. २०१५ साली बाईंची जन्मशताब्दी झाली, तेव्हा कान येथील चित्रपट महोत्सवाने त्यांचेच चित्र आपल्या भित्तिपत्रकावर घेतले. त्याच वर्षी स्टिग ब्योर्कमन यांनी बाईंची पत्रे, रोजनिशी आणि त्यांनी स्वतः घेतलेली घरगुती चलच्चित्रे यांतून एक माहितीपट सिद्ध केला. बापाने हाती दिलेली कॅमेऱ्याची हौस त्यांनी जन्मभर सांभाळली होती.

आज फ्येल्बाकास जाणारे प्रवासी केवळ बाईंसाठी जातात असे नव्हे. १९८४ साली ‘रोन्या’ या मुलांच्या लोकप्रिय चित्रपटातील काही प्रसंग त्या राजाच्या घळीत चित्रित झाले. १९७४ साली याच गावी जन्मलेल्या कामिला लेकबेरी या लेखिकेने २००३ पासून गावच्या पार्श्वभूमीवर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या अनेक भाषांत गेल्या. उन्हाळ्यात तिच्या कथांतील जागा दाखविणाऱ्या फेऱ्या निघतात. कीर्तीचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. घरांच्या किमती चढतात व मूळच्या माणसास स्वतःच्या गावात राहणे परवडेनासे होते. हे संकट तेथेही आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरही ते आता नवे नाही. तरी चौकातील पुतळ्याची गोष्ट निराळी वाटते. गावाने पाहुण्यांस खेचण्यासाठी बाईंना बोलावून आणले नव्हते. ओळख आधी झाली, दगड मागाहून बसला. स्मारकांच्या बाबतीत हा क्रम फार मोलाचा आहे.

येथवर वाचून एखादा ज्ञातिबंधू विचारील की, गुरुजी, या सातासमुद्रापलीकडच्या कथेचे आपल्या स्मरणिकेत काय काम? त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवून उभे करावे लागले. त्याच वर्षाच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, आणि भारतीय चित्रपटातील पहिल्या स्त्रिया ठरल्या. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. एका प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्री चित्रपटात गेली, म्हणून केवढी खळबळ उडाली, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. या स्त्रियांवर बोट कोणी रोखले? सिनेट आपल्याकडे नव्हते. परंतु ज्ञातीच्या पंगती होत्या, देवळाचे सभामंडप होते, लग्ने जुळविणारी मंडळी होती. जे काम तेथे एका सिनेटरने केले, ते येथे अनेकांनी मिळून, आवाज न चढविता केले. ज्ञाती ही माणसास आधार देण्यासाठी असते, असे आपण प्रत्येक वार्षिक सभेत म्हणतो. ज्यांना आधाराची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी काय केले, हेही कधी तरी म्हटले पाहिजे.

जुनी वंशावळ उघडून पाहावी. तीत पुरुषांची नावे असतात. मुली व सुना बहुधा नसतात. नसलेल्यांतही आणखी नसलेल्या अशा काही असतात. कोणाची एखादी आत्या नाटक मंडळीबरोबर गेली; कोणाची एखादी मावशी गाणे शिकली व घरी परतली नाही; कोणाच्या घरात चित्रपटात काम केलेली परजातीची सून आली आणि तिला गावच्या घरी गणपतीस कधी बोलाविलेच गेले नाही. त्यांची छायाचित्रे भिंतीवर नसतात. ट्रंकेच्या तळाशी असतात. आणि ज्यांना त्यांची नावे ठाऊक आहेत, ती घरातील वृद्ध मंडळी आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारावयाचे म्हटले, तर उत्तर देण्यास कोणी उरणार नाही.

फ्येल्बाकास जे साधले, त्यास फार पैसा लागला नाही आणि मोठे विद्वानही लागले नाहीत. एक स्त्री आपल्या किनाऱ्यावर आली, तिला सुखाने राहू दिले, आणि ती गेल्यावर तिचे नाव उघडपणे घेतले, एवढेच त्या गावाने केले. यांतील पहिली गोष्ट करण्याची संधी आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांनी घालविली. ती परत येणार नाही. दुसरी अद्याप हाती आहे.

म्हणून सर्व सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. या वर्षी गावचे घर उघडाल, केरकचरा काढाल, तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध बाईंजवळ घटकाभर बसावे आणि आपल्या घराण्यातील जिचे नाव घेत नाहीत अशी कोणी होती काय, हे विचारावे. नाव कळले तर लिहून ठेवावे. जन्मगाव, कोणते नाटक वा कोणता चित्रपट, कोठे राहिली, कोठे वारली, एवढे चार रकाने पुरेत. तिने काय केले ते योग्य की अयोग्य, हा रकाना घालू नये. वंशावळीची नवी प्रत कराल, तेव्हा ते नाव तिच्या बापाच्या नावाखाली, भावांच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे.